देवणीच्या बैलासाठी घेतलेलं माप

मागच्या महिन्यात लेकीनं माझ्यापुढं एक गुळगुळीत कॅटलॉग टाकला. लातूरचा आमचा दातांचा दवाखाना आता ती चालवते. मी सकाळी जाऊन तिथं पेपर वाचतो आणि पेशंटला उगीच घाबरवतो.

"बाबा, मापाचं मटेरियल मागवायचंय," ती म्हणाली. "हे सिलिकॉन घेऊ का ते? का सगळं सोडून स्कॅनरच घेऊ?"

कवळी करायची तर आधी हिरड्यांचं माप लागतं. काहीतरी मऊ घेऊन तोंडात दाबायचं, ते घट्ट झालं की बाहेर काढायचं, त्यात प्लॅस्टर ओतायचं, की झाली तोंडाची प्रतिकृती. तिच्यावर कवळी बनते. हे मऊ काहीतरी कुठलं घ्यायचं, एवढाच प्रश्न असतो. मी चष्मा लावला, चार पानं उलटली आणि विचारलं, "लॅब कुठली? माल कोणत्या बसनं जाणार?"

ती हसली. "बाबा, आता कुरियरवाला दारातून नेतो. आणि ह्यातलं माप आठवडाभर जसंच्या तसं राहतं."

"कंडक्टरनं पुसलं तरी?"

तिला काही कळेना. कळणार कसं? कंडक्टरनं माझं माप पुसलं तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. मी मूळचा नायगावकडचा, नागपूरला शिकलेला. शिकून आल्यावर वर्षभर नांदेडला एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली होतो. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. सरांच्या दवाखान्यात एक स्टोव्ह कायम फरफरत असायचा, त्यावर पातेलं, पातेल्यात माप घ्यायच्या तपकिरी कंपाउंडच्या वड्या. गरम पाण्यात ही वडी पुरणासारखी मऊ व्हायची आणि तोंडात गार झाली की दगड. मग तिच्यावर पांढऱ्या पेस्टचा पातळ हात फिरवून पुन्हा तेच माप तोंडात बसवायचं, म्हणजे हिरडीची रेघन्रेघ उठायची. त्या पेस्टला लवंगेचा असा काही वास, की पेशंटांना खुर्चीत बसल्याबसल्या मसालेभात आठवायचा.

मला ह्या सगळ्याची लाज वाटायची. नागपूरला आम्ही अल्जिनेट वापरलं होतं. गुलाबी पावडर, पुदिन्यासारखा वास. पाण्यात कालवा, तोंडात धरा, तीन-चार मिनिटांत माप तयार. स्टोव्ह नाही, पातेलं नाही. लातूरला दवाखाना टाकतो म्हणून सरांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "मापाला काय घेतो आहेस?"

"अल्जिनेट, सर. बारा डबे सांगितलेत सोलापूरला."

"लातूरला लॅब आहे?"

"नाही. नांदेडलाच पाठवीन, बसनं."

"पाणी?"

"आहे की नळाला."

सर उठले. आत गेले आणि कंपाउंडच्या वड्यांचा एक खोका आणून माझ्या हातात ठेवला. "असू दे." मी तो नको असलेल्या आहेराच्या साडीसारखा घेतला. लातूरला टेबलाचा एक पाय आखूड निघाला, तेव्हा तो खोका बरोबर त्याच्याखाली बसला. सरांच्या दूरदृष्टीचं मला खरोखर कौतुक वाटलं.

माझा आडाखा सोपा होता. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब येणार. साहेबांना दात असणार, आणि दात म्हटलं की दुखणार. पेंटरनं सवयीनं पाटीवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलं, मग त्यावर पांढरा हात मारून 'जि. लातूर' केलं. उन्हानं वरचा रंग उडाला आणि चार महिन्यांत माझा दवाखाना दोन्ही जिल्ह्यांत दिसू लागला. साहेब आले. पाऊस मात्र आला नाही. नळ आठवड्यातून एकदा खाकरायचा, बाकी दिवस टँकर. टँकरशी भांडायचं काम आमच्या मावशींचं. दवाखाना झाडणं, पाणी भरणं, पेशंटला नंबर देणं आणि माझी अक्कल काढणं अशी चार खाती त्या एकट्या सांभाळत.

फाल्गुनात देवणीकडचे आप्पा आले. आप्पा म्हणजे लिंगायत शेतकरी, सत्तरीचे, पांढरा पटका, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. दिवाळीच्या आधी त्यांचे वरचे शेवटचे चार हलणारे दात मीच उपटले होते. खाली थोडे होते, वर आता सगळं मैदान.

"शरणार्थ, डॉक्टर. वरची कवळी करा. घाई हाय."

"जेवायला त्रास होतोय का, आप्पा?"

"जेवणाचं न्हाई वो. भाकर कालवून खातो. बैल पाणी पिऊन न्हाई राहिला."

मी हसलो. नवा डॉक्टर, त्यात पदवी ताजी. म्हणालो, "आप्पा, मी माणसांचा डॉक्टर. जनावरांचा दवाखाना पलीकडच्या रस्त्याला."

"मला ठावं हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "पर त्याची शीळ तुम्ही काढून घेतली."

मी खेड्यातलाच, तरी क्षणभर मला उमगलं नाही. बैल पाण्यावर आला की धनी हळू, लांब शीळ घालतो आणि बैल संथपणे पीत राहतो. हे मी लहानपणापासून पाहिलेलं, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. आप्पांचा बैल होता वानेरा, म्हणजे अंगानं पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळा. खोंड असल्यापासून आप्पांच्या शिळेवर प्यायलेला. जोडीतला दुसरा आदल्या वर्षी गेला. घरची विहीर होती तोवर वानेरा शिळेबिगर का होईना, पीत होता. आता विहीर आटली, बैल दुष्काळाच्या चारा-छावणीत गेला, आणि तिथल्या हौदात टँकरचं ब्लीचिंगच्या वासाचं पाणी. वानेरा हुंगायचा, तोंड ओलं करायचा आणि मान फिरवायचा.

"दुसऱ्या कुणी शीळ घातली तर?"

"पोरगा घालतो. पर ती सिनेमाची हाय. बैल कान पाडतो." मग आप्पांचा आवाज खाली आला. "फासळ्या मोजून घ्या त्याच्या. लई दिस न्हाई काढायचा."

वरचे दात गेले की ओठ आत बसतो, मग शीळ कुठून येणार? कवळीनं ओठ उचलला जाईल; पण कवळी घट्ट बसली पाहिजे, नाहीतर पहिल्याच फुंकरीला खाली येईल. म्हणजे सगळा खेळ मापाचा. मला स्फुरण चढलं. मी अल्जिनेटचा डबा असा उघडला, जसा काही आतून अत्तर निघणार होतं.

रबरी वाटीत पावडर घेतली, गच्चीवरच्या टाकीचं पाणी ओतलं आणि कालवायला लागलो. चार फेरे झाले नाहीत तोच चमचा अडकला. अल्जिनेटला गरम पाणी लागलं की ते घाईला येतं, आणि त्या उन्हात टाकीतलं पाणी चहाला चाललं असतं. आप्पांच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत वाटीतच घट्ट गोळा तयार.

मावशींनी डोकावून पाहिलं. "इडली झाली वाटतं. चटणी आणू का?"

"मावशी, माठातलं पाणी द्या."

"प्यायचं हाय ते! माणसं तांब्याला मोताद होऊन राहिलीत, आन् तुमची पावडर माठातलं पिणार?"

शेवटी अर्धा पेला मिळाला. ह्या वेळी माप मात्र असं सुरेख आलं, की मी ते आप्पांना आरशासारखं फिरवून फिरवून दाखवलं. पुस्तकात लिहिलेलं असतं, अल्जिनेटचं माप निघालं की लगेच प्लॅस्टर ओता. ते वाळलं की बिघडतं. मला हे पाठ होतं, परीक्षेत आलं होतं. पण प्लॅस्टर कालवायचं म्हणजे पसारा, हात पांढरे. मी डॉक्टर होतो, गवंडी नव्हतो. तेवढं नांदेडचा लॅबवाला करील, असं म्हणून मी माप ओल्या फडक्यात गुंडाळलं, स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि स्टँडवर जाऊन नांदेडच्या कंडक्टरच्या हातात दिलं. "सांभाळून न्या बरं, नाजूक माल आहे."

आठवड्यानं कवळी आली. आप्पा देवणीहून आले, कवळी घातली, आरशात पाहून डोळे मिचकावले आणि छाती भरून फुंकर मारली. कवळी सरळ त्यांच्या मांडीवर.

"पुन्हा एकदा, आप्पा. जरा हळू."

हळू मारली, तर हळू पडली. मावशी म्हणाल्या, "शिळेच्या आधी दातच निघाले पाण्यावर." आप्पा हसले नाहीत. कवळी रुमालात बांधून मला परत दिली.

झालं कसं, ते मला कंडक्टरनंच सांगितलं, तेही मोठ्या अभिमानानं. "साहेब, तुमचा डबा गळून राहिला होता. मी फडकं पिळलं, आतला माल पुसून खडखडीत कोरडा केला, आन् बॉनेटवर ठिवला. ड्रायव्हरच्या नजरेसमोर! लोक पाण्यासाठी मरून राहिले आन् तुम्ही पाण्याचं पार्सल करून राहिले का?"

इंजिनच्या उबेला चार-पाच तास. माप वाळून आक्रसलं होतं. सांगा, ह्या माणसाला काय बोलणार? त्यानं माझ्या मालाची माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली होती.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी मात्र उलटा निष्कर्ष काढला: पाणी कमी पडलं, तर जास्त घालू. दुसरं माप घेतलं आणि दुधाच्या बरणीत पाण्यात पूर्ण बुडवून, झाकणाभोवती मेण लावून पाठवलं. त्या बरणीभर पाण्यासाठी मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अल्जिनेट पाण्यात ठेवलं की ते पाणी पिऊन फुगतं, हेही मला पाठ होतं. हेही परीक्षेत आलं होतं.

ही कवळी आप्पांच्या तोंडात शिरेना. मी थोडी कानस मारली, अंगठ्यानं दाबून बसवली आणि "सवय होईल" म्हणालो. दंतवैद्याला आपली चूक पेशंटच्या गळ्यात घालायची असली की तो हेच वाक्य वापरतो. चौथ्या दिवशी आप्पा परत आले. हिरडीवर दोन फोड, ओठ सुजलेला.

त्यांनी कवळी टेबलावर ठेवली आणि बाजारात बैलाचं तोंड पाहावं तशी उलटीसुलटी करून पाहिली. देवणीचा माणूस, जनावराचं वय दातांवरून सांगण्यात आयुष्य गेलेलं. "डॉक्टर, हे तोंड चारदाती खोंडाचं हाय. मी कवाच जुळलो." म्हणजे त्यांच्यात सगळे दात आलेल्या पक्क्या बैलाला जुळलेला म्हणतात. मग त्यांनी कवळी खाली ठेवली. "पोरगा म्हणून राहिला, येत्या बाजारी बैल न्यावा. पाणी न पिणारं जनावर छावणीत ठिवून काय करायचं? त्याचंबी खरं हाय. पर आठ वर्सं माझ्या शिळेवर प्यायला तो. घेणाऱ्याला मी काय सांगू? दात गेले माझे, म्हणून इकून राहिलो?"

"बाजार कधी आहे?"

"आजपासनं आठव्या दिशी."

त्या दुपारी मी स्वतः नांदेडच्या बसमध्ये बसलो. लॅबवाल्याला झापायचं, असा बेत होता. त्यानं माझ्यापुढं निमूटपणे माझी दोन्ही मापं मांडली. एक वाळक्या आंब्याच्या फोडीसारखं, दुसरं भिजल्या पावासारखं. "डॉक्टर, तुम्ही जे पाठवलं, त्यावर मी केलं." मी झापायचं विसरून सरांकडे गेलो. स्टोव्ह फरफरत होता. सरांनी सगळं ऐकलं, मापं पाहिली आणि एवढंच विचारलं, "मी दिलेला खोका आहे का फेकलास?"

"आहे, सर. टेबलाखाली."

"बरा जागेवर ठेवलास," सर म्हणाले. मग पातेल्यातली वडी काढून माझ्या हातावर ठेवली. पोळली. "घाई करू नकोस. हात लावला की चटका बसतो, तोवर तोंडात घालायची नाही. गार झाल्याशिवाय काढायची नाही. आणि प्लॅस्टर तिथल्या तिथं, स्वतः ओतायचं. प्लॅस्टरचा दगड बसनं कुठंही जाऊ दे." मग म्हणाले, "मला काय अल्जिनेट माहीत नाही होय रे? चांगला माल आहे तो. पण त्याला पाणी मोजून लागतं आणि गार लागतं, आणि लॅब शेजारच्या खोलीत लागते. तुझ्याकडं ह्यातलं काय आहे?"

मी मान खाली घातली. माझ्याकडं ह्यातले फक्त बारा डबे होते.

लातूरला येऊन टेबलाखालचा खोका काढला. टेबल लगेच लंगडायला लागलं आणि मावशींनी त्याखाली अल्जिनेटचा डबा सरकवला. त्या डब्याचा तेवढा एक उपयोग झाला. स्टोव्ह पेटवला, पातेल्यात वडी सोडली. आप्पा खुर्चीत, पटका मांडीवर. वडी मऊ झाली, सरांनी सांगितल्याप्रमाणे चटका जाईपर्यंत थांबलो, तोंडात दाबली, गार होऊ दिली. मग तिच्यावर पांढरी पेस्ट फिरवली. आप्पांनी श्वास घेतला आणि डोळे मिटूनच म्हणाले, "लवंग." माप पुन्हा तोंडात बसवून बाहेर काढताना 'टच्' असा आवाज झाला. टाळूला घट्ट चिकटून बसलेलं माप सुटताना होतो तसा. सरांच्या दवाखान्यात तो आवाज मी वर्षभर ऐकला होता आणि एकदाही कान दिला नव्हता.

मग प्लॅस्टर. पातेल्यातलं पाणी निवलं होतं, त्यातच मी ते कालवलं. कोपरापर्यंत पांढरा झालो. मावशी दारात उभ्या होत्या. "एकाच पाण्यात दोन कामं?"

"हो."

"मंग हे आधी सुचलं असतं तर बैलाला बरणीभर जास्त मिळालं असतं न्हाई?"

प्लॅस्टरचं तोंड वाळल्यावर ते मांडीवर घेऊन मी परत नांदेडला निघालो. कंडक्टर तोच. डब्याकडं पाहून म्हणाला, "आज गळून न्हाई राहिलं. बॉनेटवर ठिवू?" मी म्हणालो, "ठेवा. आता खुशाल पुसा."

लॅबवाल्यानं सगळी कामं बाजूला ठेवून ही कवळी केली. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या खुर्चीत होते. कवळी बसवली. बसली. ओढून पाहिली, हलेना. आप्पांनी फुंकर मारली, कवळी जागेवर. पण शीळ? नुसती हवा. पुन्हा मारली, पुन्हा हवा. माझा चेहरा पडला. तीन मापं, नांदेडच्या चार खेपा, आणि ह्यांच्या ओठांतून वारा! मी कानस शोधायला लागलो, तर आप्पांनी माझा हात धरला.

"डॉक्टर, इथं कोन पाणी पिऊन राहिलंय? बैलाबिगर शीळ कशी येणार?"

हे ऐकून मावशींनी पदर तोंडाला लावला. मी दवाखाना बंद केला आणि आप्पांबरोबर देवणीच्या बसमध्ये बसलो. का गेलो? कवळी कुठं टोचली तर कानस मारायला, असं मी त्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला घरी बसवलं नसतं.

छावणीत पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. ओळीनं बांधलेली जनावरं, उसाच्या वाढ्यांचा वास, मधोमध सिमेंटचा हौद. वानेरा शेवटच्या दावणीला. फासळ्या खरोखर मोजता आल्या. आप्पांनी त्याला सोडलं आणि हौदावर आणलं. त्यांचा मुलगा लांब, हाताची घडी घालून उभा राहिला. वानेऱ्यानं पाणी हुंगलं, नाकपुड्या फुगवल्या आणि मान फिरवली.

आप्पांनी त्याच्या वशिंडावर हात ठेवला, ओठ जुळवले. पहिली फुंकर वारा. दुसरी वारा. तिसऱ्या फुंकरीला कुठूनतरी एक बारीक, खरखरीत धागा निघाला, तुटला, पुन्हा निघाला, आणि मग लांबत गेला. बैलाचा एक कान वळला. मग दुसरा. त्यानं मान परत हौदाकडं फिरवली, तोंड पाण्याला लावलं आणि प्यायला लागला. गळ्यातून घोट खाली जाताना दिसत होते. मुलगा जवळ आला, वाकला, हौदातलं पाणी किती उतरलं ते त्यानं पाहिलं, आणि बैलाच्या गळ्यातलं दावं सोडवून आपल्या खांद्यावर टाकलं. बाजाराचं कुणी काही बोललं नाही.

मला आनंद आवरेना. माझ्या हातानं घेतलेलं पहिलं बरोबर माप! मी दोन बोटं तोंडात घातली आणि कॉलेजात मॅचला घालायचो तशी एक कडक शीळ घातली.

वानेरा दचकून दोन पावलं मागं सरला. तोंडातून पाण्याची धार, डोळे पांढरे. आप्पांची शीळ तुटली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नव्या दातांनी, अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाले, "डॉक्टर, तोंड मिटा."

मी मिटलं. थोड्या वेळानं ती लांब, खरखरीत शीळ पुन्हा सुरू झाली, आणि बैल पुन्हा पाण्यावर आला.